ताकासारखं ऑइल

गेल्या डिसेंबरात मोटारसायकलच्या ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून पांढुरका, ताकाच्या फेसासारखा थर. बीडमधल्या मिस्त्रींनी त्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "रोज किती चालवता?" घर ते शेत, दोन किलोमीटर. "मग गाडी तापतच नाही, भाऊ."

अल्कोहोलवर पळणाऱ्या इंजिनाचं दुखणं नेमकं हेच आहे. ड्रॅग शर्यतीचं मिथेनॉलचं इंजिन पाव मैल, म्हणजे 402 मीटर, काही सेकंदांत कापतं. 32 ग्रॅम मिथेनॉल पूर्ण जळालं की 36 ग्रॅम पाणी तयार होतं. तेवढ्याच ताकदीला मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं आणि वाफ होताना इंजिनातली उष्णता ओढून घेतं. धाव संपते तेव्हा ऑइल जेमतेम कोमट असतं. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेली वाफ आणि न जळलेलं मिथेनॉल त्यात घुसळलं जातं. असं दुधाळ ऑइल बेअरिंगला नीट सांभाळत नाही. म्हणून तिथले मेकॅनिक शर्यतीआधी ऑइल गरम करतात, ते सारखं बदलतात, आणि काही जण शेवटी इंजिनाला थोडं पेट्रोल पाजून मिथेनॉल धुऊन काढतात.

आपल्या पेट्रोलमध्येही आता 20 टक्के इथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच, असतं. बीडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात जाऊन जो ऊस तोडतात, त्याच्या रसातून आणि मळीतूनही ते बनतं. त्यांच्यापैकी कुणाची गाडी मागे गावात राहिली, तर अर्ध्या टाकीनिशी पाच-पाच महिने उभी असते. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण मर्यादेपर्यंतच. झाकणाचं रबर चिरलेलं असलं, धुताना किंवा अवकाळीत पाणी आत गेलं, की थंडीच्या रात्री पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं. मिस्त्रींनी अशाच एका टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दाखवलं: वर पेट्रोल, खाली वेगळा थर, मध्ये सुतासारखी रेघ. इंजिन आधी तोच खालचा थर ओढतं. असं पेट्रोल ओतूनच द्यावं लागतं.

माझ्या ऑइलचा दोष मात्र मी इथेनॉलवर ढकलणार नाही. कमी पळणाऱ्या गाडीत निव्वळ पेट्रोलवरही हिवाळ्यात अशी साय धरते. ऑइल बदललं, आणि आता आठवड्यातून एकदा गाडी मांजरसुंब्याचा घाट चढवून आणतो. परवा वर थांबून, इंजिन बंद करून, फडक्याने झाकण फिरवलं. आतून वाफ निघाली. काडी बुडवून पाहिली, तर ऑइल मधासारखं स्वच्छ होतं.