तार तेवढीच, मग जागाही तेवढीच?

‘वर्गात स्मार्ट बोर्ड आला, आता गणित सोपं होईल,’ असं पालकसभेत हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ साली शालेय विद्यार्थ्यांच्या पिसा चाचण्यांचे निकाल तपासले, तेव्हा शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांतही गणितात लक्षणीय सुधारणा आढळली नव्हती. फळ्यावरचं सोडवलेलं उदाहरण पडद्यावर नेलं, तर वाचतो तो फक्त खडू.

दुसरा गैरसमज : समस्येतून शिकवणं म्हणजे शाब्दिक उदाहरणं. शाब्दिक उदाहरण धड्याच्या शेवटी येतं. कोणतं सूत्र लावायचं हे मुलांना तोवर ठाऊक असतं. समस्येतून शिकवताना प्रश्न सूत्राच्या आधी येतो. ४० मीटर तारेचं कुंपण घालून आयताकृती वाफा करायचा आहे, जागा जास्तीत जास्त कशी मिळेल? ‘तार तेवढीच, मग जागाही तेवढीच,’ असं बरीच मुलं म्हणतात. म्हणू द्यावं. वहीत मांडलं की १५ बाय ५ ला ७५ चौरस मीटर येतात, १२ बाय ८ ला ९६. आता जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर उघडावं. कोपऱ्यातला बिंदू ओढत नेला की क्षेत्रफळाचा आकडा बदलत जातो आणि १० बाय १० ला १०० होऊन पुन्हा उतरतो. (चौरस हा आयत कसा, यावर इथे वाद होतोच. होऊ द्यावा.)

पण पडद्यावर दिसलं म्हणजे सिद्ध झालं, असं नव्हे. एक बाजू १० पेक्षा क्षने वाढवली की दुसरी क्षने घटते. गुणाकार १०० − क्ष². वर्ग ऋण होत नाही, म्हणून १०० च्या वर जाता येत नाही. हे सॉफ्टवेअर सांगत नाही, आणि एका बाजूला आयती भिंत असेल तर काय, हेही विचारत नाही. (मग २० बाय १० चा वाफा : २०० चौरस मीटर!)

म्हणून शिक्षकाचं काम उलट वाढतं. जपानी वर्गात मुलं झटत असताना शिक्षक बाकांमधून फिरतात आणि कुणाची रीत फळ्यावर कोणत्या क्रमाने मांडायची, ते ठरवतात.

प्रत्येकाला टॅब हवा, हाही भ्रमच. जिओजेब्रा शाळांना मोफत आहे, वर्गाला एक पडदा पुरतो. तोही नसेल तर सुतळी आणि चौकटीचा कागद.

‘अशाने पोर्शन संपत नाही,’ या तक्रारीत मात्र तथ्य आहे. सगळं असं शिकवू नये. भागाकाराची रीत सरळ फळ्यावर दाखवावी आणि भरपूर सराव घ्यावा.