चपलेचं नाव आणि डोमेनचा पत्ता

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. पण त्याने इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे डोमेन, आपोआप मिळत नाही. जो आधी नोंदवेल, त्याचं. म्हणून कोल्हापूरच्या चप्पल लाईन बाजारातल्या दुकानदाराने ‘कोल्हापुरी’ हा सर्वांचा शब्द चढ्या भावाने घेण्यापेक्षा स्वतःच्या पेढीचं नाव नोंदवावं. इन्स्टाग्राम असताना हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण ते खातं कंपनीच्या मर्जीवर चालतं. डोमेनही कायमचं मिळत नाही, मुदतीआधी नूतनीकरण लागतंच; आणि नोंदणी वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर असेल, तर कागदोपत्री धनी तोच! राहिले नावं साठवून नफा शोधणारे. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण दिलं. दुसऱ्याच्या नावलौकिकावर घेतलेलं डोमेन हातचं जाऊ शकतं.