बर्फावरील हॉकी आणि विली ओरी

आपल्याकडे हॉकी म्हटली कीं मोकळें मैदान डोळ्यांपुढें येतें. कॅनडांत मात्र त्याच शब्दानें बर्फावरचा खेळ समजला जातो. २०० फूट लांब व ८५ फूट रुंद अशा गोठविलेल्या रिंगणांत, पोलादी पात्यांचे बूट घालून, प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू हा खेळ खेळतात. चेंडूच्या जागीं टणक रबराची, एक इंच जाड व तीन इंच व्यासाची चकती असते. ती फार उसळूं नये म्हणून खेळापूर्वीं गोठवून ठेवितात. रिंगणाभोंवतीं कठडा असल्यामुळें चकती त्यावर आपटून परत येते, आणि कित्येकदां खेळाडूहि त्यावर आपटतात. कारण चकती ज्याच्यापाशीं असेल त्याला अंगानें धक्का देणें येथें नियमाला धरूनच आहे. ह्या खेळांत पोट भरावयाचें, तर पायांइतकेच डोळेहि तीक्ष्ण लागतात. कोण कोणत्या बाजूनें चालून येत आहे हें ज्याला वेळेवर दिसत नाहीं, त्याची धडगत नसते.

ही गोष्ट ध्यानांत ठेवूनच विली ओरी ह्याचें चरित्र पाहिलें पाहिजे. कॅनडाच्या न्यू ब्रन्स्विक प्रांतांत, फ्रेडरिक्टन शहरीं, १५ ऑक्टोबर १९३५ रोजीं त्याचा जन्म झाला. तेरा भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचे पूर्वज अमेरिकेंतील गुलामगिरींतून निसटून उत्तरेस आलेले कृष्णवर्णीय होते. तिसऱ्या वर्षीं तो बर्फावर उभा राहिला व पांचव्या वर्षीं संघांतून खेळूं लागला.

कॅनडांतील होतकरू खेळाडूची वाट ठरलेली असे. प्रथम तरुणांचे संघ, मग दुय्यम दर्जाचे धंदेवाईक संघ, आणि सर्वांच्या वर नॅशनल हॉकी लीग. त्या काळीं ह्या लीगमध्यें अवघे सहा संघ होते. म्हणजे साऱ्या खंडांत मिळून शंभर-सवाशें जागा. लीग १९१७ सालीं स्थापन झाली, तेव्हांपासून त्यांतील एकाहि जागेवर कृष्णवर्णीय खेळाडू आला नव्हता.

१९५५-५६ च्या हंगामांत किचनर येथील तरुणांच्या संघांतून खेळत असतां उडालेली चकती विलीच्या उजव्या डोळ्यावर बसली आणि त्या डोळ्याची शेंकडा ९५ दृष्टि गेली. खेळ आतां संपला, असें डॉक्टरांनीं सांगितलें. विली कांहीं आठवड्यांतच पुन्हां बर्फावर उतरला. एका डोळ्यानें आंधळ्या खेळाडूस लीगच्या नियमानें मज्जाव होता, म्हणून त्यानें ही गोष्ट संघापासून लपवून ठेविली. त्याचा वर्ण साऱ्या जगाला दिसत होता. त्याचें व्यंग कोणालाच दिसत नव्हतें. ह्या लपवालपवीचें समर्थन करणें कठीण आहे, कारण त्यांत दुसरा डोळाहि जाण्याचें भय होतें. परंतु खरें सांगतां तर दार कायमचेंच बंद झालें असतें, हेंहि तितकेंच खरें.

१८ जानेवारी १९५८ रोजीं माँट्रिअल येथें बोस्टन ब्रुइन्स संघाकडून तो उतरला आणि लीगमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. ब्रुइन्सनीं तो सामना ३-० असा जिंकला. त्या हंगामांत त्याला दोनच सामने मिळाले. पुढें १९६०-६१ मध्यें ४३. ह्या ४५ सामन्यांत त्यानें ४ गोल केले व १० गोलांना साहाय्य केलें. प्रेक्षकांकडून व प्रतिस्पर्ध्यांकडून वर्णावरून अपशब्द ऐकावे लागत. शिकागो येथील एका सामन्यांत तर काठीच्या बुंध्यानें त्याचे समोरचे दांत पाडण्यांत आले.

आंकडे पाहून कोणी म्हणेल, ही कारकीर्द तोकडी आहे. पण त्याचें एक कारण खेळाच्या रचनेंतच होतें. तो डाव्या फळीवर खेळे, म्हणजे सारा खेळ त्याच्या उजव्या हाताला. आणि तोच डोळा गेलेला. चकती घेण्यासाठीं त्याला दरवेळीं मान पूर्ण वळवावी लागे, व तेवढ्यांत धक्का बसे. पुढें लॉस एंजेलिसच्या संघांत त्याला उजव्या फळीवर घेण्यांत आलें. आतां सारें मैदान चांगल्या डोळ्यासमोर आलें. वेस्टर्न हॉकी लीगमध्यें १९६४-६५ सालीं, आणि नंतर सॅन डिएगोकडून १९६८-६९ सालीं, त्यानें प्रत्येकीं ३८ गोल केले. माणूस तोच होता. जागा तेवढी बदलली.

१९७९ सालीं, त्रेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें खेळ सोडला. मधल्या काळांत, १९७४ सालीं, वरच्या लीगमध्यें दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू आला होता. म्हणजे पहिल्यानें पाऊल ठेविल्यावरहि वाट रुळण्यास सोळा वर्षें लागलीं. १९९८ पासून लीगनें ओरीला गोरगरीब व उपेक्षित मुलांत खेळाचा प्रसार करण्याच्या कामीं नेमिलें. त्यासाठीं तो गांवोगांव हिंडला. २०१८ सालीं हॉकीच्या कीर्तिमंदिरांत त्याचा समावेश झाला, तो खेळाडू म्हणून नव्हे, तर खेळाची उभारणी करणारा म्हणून. १८ जानेवारी २०२२ रोजीं, पहिल्या सामन्याला बरोबर ६४ वर्षें झालीं त्या दिवशीं, बोस्टननें त्याचा २२ हा क्रमांक निवृत्त केला. तो क्रमांक त्या संघांत पुन्हां कोणास मिळावयाचा नाहीं.

खेळाडूचें मोल बहुधा गोल मोजून ठरवितात. विली ओरीच्या नांवावर वरच्या लीगमधील गोल चारच आहेत. परंतु त्याच्यामागून जे आले, त्यांची गणती त्या आंकड्यांत होत नाहीं.