मुलांचा कोडिंग वर्ग : वानगी पाहून निवडावा

धान्याच्या व्यापारात वानगी पाहिल्यावाचून भाव ठरविण्याची रीत नाही. पोत्याच्या तोंडाचे मूठभर दाणे पाहणारा फसतो; जाणता व्यापारी मधले व तळाचे दाणे काढून तळहातावर पसरतो. असे असूनही मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आला की आपण पोत्यावरची चिठ्ठी वाचून पैसे मोजतो. आम्हीही तसेच केले. त्या अनुभवावरून सभासद बंधुभगिनींस चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

नंदगड-खानापूरपासून बेळगाव-निपाणीपर्यंत हल्ली ‘कोडिंग’ हा शब्द घरोघरी ऐकू येतो. कोडिंग म्हणजे संगणकास काम नेमून देणे. संगणक हा अत्यंत आज्ञाधारक, परंतु स्वतःची समज नसलेला नोकर होय. त्यास नुसते ‘बिल कर’ म्हणून भागत नाही. आधी वजन घे, त्यातून बारदान वजा कर, उरलेल्या वजनास दराने गुण, मग हमाली मिळव, असे क्रमवार सांगावे लागते. या सूचनांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. कामाचे तुकडे पाडणे, ते क्रमाने लावणे आणि चूक कोणत्या पायरीवर झाली ते शोधणे, ही खरी विद्या. संगणकाची भाषा हे तिचे केवळ साधन.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचा समावेश सुचविला आणि जाहिरातींस ऊत आला. त्याच वर्षी जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपामुळे एका मोठ्या कंपनीस काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या.

आमच्या नातवासाठी आम्ही अशाच एका दूरस्थ वर्गाची वर्षाची फी एकदम भरली. तीन महिन्यांत प्रशस्तिपत्र आले; ते आम्ही पेढीवर लावलेही. एके दिवशी सहज म्हणालो, “बाळ, पन्नास पोत्यांची हमाली काढणारे काही करून दाखव.” तो मान खाली घालून म्हणाला, “आजोबा, सर सांगतात ते आम्ही नुसते उतरवून घेतो.” सर इंग्रजीतून भरभर बोलत आणि समजले नाही असे सांगण्याची त्यास लाज वाटे. फी बुडाली, तिचे दुःख थोडे. ‘मला हे जमणार नाही’ असे त्याने मनाशी ठरवून टाकले, ते दुःख मोठे.

म्हणून प्रथम वय पाहावे. लहान मुलांस अक्षरी भाषेत घालण्याची घाई नको. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने २००७ साली ‘स्क्रॅच’ हे साधन सुरू केले. त्यात रंगीत ठोकळे जुळवून आज्ञावली होते. ते मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी असून विनामूल्य आहे, आणि एकदा उतरवून घेतल्यास इंटरनेटवाचूनही चालते. ‘पायथॉन’सारखी भाषा त्यानंतर घ्यावी.

दुसरे, बोलण्याची भाषा. आज्ञा इंग्रजीत असल्या तरी त्यांमागचे कारण मुलास घरच्या भाषेत, मराठीत वा कन्नडात, समजले पाहिजे.

तिसरे, फी मोठी म्हणजे वर्ग चांगला, हा समज सोडावा. इंग्लंडमध्ये २०१२ साली सुरू झालेली ‘कोड क्लब’ ही चळवळ स्वयंसेवकांवर चालते व मुलांकडून फी घेत नाही. आपल्या देशात नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळाशाळांत उभ्या राहिल्या. आपल्या शाळेत अशी सोय आहे काय, हे आधी विचारावे. फी द्यावयाचीच झाल्यास महिन्याची द्यावी, वर्षाची नव्हे.

चौथी गोष्ट मुख्य : एक तास स्वतः बसून वानगी पाहावी. कळफलकावर हात मुलाचा आहे की शिक्षकाचा? चूक झाली की शिक्षक ती दुरुस्त करून देतो, की ‘कोठे बिघडले असेल?’ असे विचारतो? मुली मागच्या बाकावर नुसत्या पाहत तर नाहीत? घरी आल्यावर मुलास केलेले काम समजावून सांगता येते काय?

पुढील वर्षी गावातील एका शिक्षकांनी शनिवारी बारा मुले व तीन संगणक एवढ्यावर वर्ग सुरू केला. आमची धाकटी नात त्यात जाऊ लागली. तिने आमच्यासाठी बिलाची आज्ञावली केली. परंतु रक्कम नेहमीच जास्त येई. दोन दिवस ती कागदावर आकडे मांडीत बसली आणि तिसऱ्या दिवशी पेढीवर धावत आली, “आजोबा, बारदान वजा करायचे राहिले होते!” कोणी सांगितले, असे आम्ही विचारले. “कोणी नाही,” ती म्हणाली.

याच कर्नाटकभूमीत नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला आणि त्यात व्याजाचीही गणिते घातली. हिशेबाची विद्या आपणांस परकी नाही. ती मुलांच्या हाती नव्या साधनानिशी द्यावयाची आहे. आता शनिवारी त्या वर्गास बहिणीसोबत आमचा नातूही जातो. प्रशस्तिपत्र आम्ही भिंतीवरून काढून ठेविले आहे.