वेळूची शाळा, लेखांक ११ : हवा निसटते कुठून?

या आठवड्यात मींड घ्यायची ठरली होती. ती पुन्हा लांबणीवर. अमेरिकेतल्या आयसेलिनहून एक पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न अर्ध्या वर्गाचा आहे.

पत्रलेखक ओक ट्री रोडपासून जवळच राहतात. सकाळी मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कची गाडी पकडायची आणि रात्री जेवणं आटोपली की पांढरी तीनची मोठी बासरी घेऊन बसायचं, असा त्यांचा क्रम. तक्रार अशी : सुरापेक्षा हवाच जास्त. वर्ष होत आलं तरी फुसफुस जात नाही. भारतातून चांगल्यापैकी महाग बासरी मागवू का, आणि कोणाची?

पुढे त्यांनी सहज एक वाक्य लिहिलंय. माझ्या लेखी सगळं पत्र त्यातच आहे. शाळेच्या बँडमध्ये धातूची बासरी वाजवणाऱ्या त्यांच्या मुलीनं गंमत म्हणून बाबांची बासरी उचलली आणि मधल्या सप्तकाचे सूर लख्ख काढले. खाली मंद्रात उतरली, तेव्हा मात्र तिचीही हवा निघाली.

म्हणजे आरोपी दोन आहेत. वरच्या सुरांतल्या हवेत बासरीचा दोष नाही, कारण तीच बासरी मुलीच्या ओठांवर साफ बोलली. खालच्या सुरांची गोष्ट वेगळी.

आधी ओठ. पांढरी तीनचा मध्य सा वाजतो तेव्हा ओठांतून निघालेला हवेचा झोत फुंकेच्या भोकाच्या पलीकडच्या धारेवर सेकंदाला सुमारे ३३० वेळा आत-बाहेर हेलकावतो. झोत पातळ आणि नेमका असेल तर सुराला जास्त शक्ती मिळते. ओठांची फट रुंद असेल तर झोताच्या कडा धारेला चुकवून नुसत्या खळबळतात, आणि ती खळबळ म्हणजेच फुसफुस. मी त्यांना लिहिलं : मुलगी वाजवत असताना तिच्या बासरीच्या चकचकीत ओठपट्टीकडे बघा, मग तीच बासरी स्वतः फुंकून बघा. उत्तर दोन दिवसांत आलं. मुलीच्या फुंकेनं भोकापलीकडे वाफेचा लहानसा, रेखीव त्रिकोण उमटला. बाबांच्या फुंकेनं सगळी पट्टी धुरकटली. दीड हजार डॉलरची बासरी आणली तरी ती पट्टी धुरकटच राहणार.

त्यांच्या ओठांना बिघडवणारं आणखी एक कारण तिकडच्या हवेत आहे. मुंबईच्या ३० अंशांत सुरात मिळवलेली बासरी २० अंशांच्या खोलीत गेली की अदमासे ३० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं उतरते. थंड हवेत ध्वनी सावकाश चालतो, त्याला कारागीर काय करणार? फुंकेची ऊब थोडी भरपाई करते, सगळी नाही. इकडे मोबाइलवरचा तानपुरा मात्र काटेकोर पांढरी तीनमध्ये चालू. मग वाजवणारा नकळत बासरी बाहेर वळवतो, जोर लावतो, सूर वर ओढतो, आणि हवा वाढते. उपाय फुकट आहे : तानपुरा खाली घ्या. बासरीला सा ठरवू द्या.

आता मंद्र. पत्रलेखकांचा सा ठीक होता, नी डळमळीत, आणि खालचे ध आणि प म्हणजे नुसता वारा. ही लक्षणं बोटं नीट न बसण्याची असतात किंवा गळतीची. दोन्ही वेगळी करायला सहाही भोकांवर सेलोटेप घट्ट चिकटवायचा आणि प फुंकायचा. प साफ आला तर बोटं दोषी. इथे टेप लावूनही, मुलीच्या फुंकेनंसुद्धा, वाराच. मग दुसरी परीक्षा : टेप तसाच ठेवून खालचं तोंड दुसऱ्याच्या तळव्यानं बंद करायचं आणि फुंकेच्या भोकातून हवा ओढायची. ओठ चिकटून राहिले पाहिजेत. राहिले नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या भोकांमधली शोभेच्या दोऱ्याची गुंडाळी सोडली, तर खाली केसाएवढी उभी भेग निघाली. चौथं भोक उघडं असताना, म्हणजे सा वाजताना, ती फारशी जाचत नव्हती. चौथं मिटलं की तिथूनच गळती.

भेगेचा दोष विकणाऱ्याला देऊ नका. जानेवारीत घराचं हीटिंग चालू झालं की आतली आर्द्रता पार २०-२५ टक्क्यांवर उतरते, आणि आपल्या पावसाळ्यात वाढलेल्या पेराला ते सोसत नाही. हीटरच्या झोतात बासरी ठेवायची नाही, घट्ट पेटीत ओलावा देणारी पुडी ठेवायची, आणि थंड गाडीतून आणलेली बासरी लगेच फुंकायची नाही. बारीक भेग सायनो गोंदानं भरून वर दोरा आवळला की बासरी बहुधा पुन्हा बोलते. ही बोलली.

बासरी हवामानाला कंटाळते ही तक्रार जुनी आहे. पॅरिसच्या क्लोद लोराँ या घड्याळजीनं १८०६ मध्ये काचेच्या बासरीचं पेटंट घेतलं ते याचसाठी : लाकूड ओल्याकोरड्यानं आणि थंडीउन्हानं बदलतं, काच सहसा बदलत नाही. त्यानं १८१३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्यासाठी केलेली स्फटिकाची बासरी आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. लिझो या गायिकेनं २०२२ मध्ये ती मंचावर वाजवली, ते अनेकांनी पाहिलं असेल. त्याच वाचनालयात डेटन मिलर या भौतिकशास्त्रज्ञाचा सुमारे १७०० बासऱ्यांचा संग्रह आहे. मेट्रोपार्कहून वॉशिंग्टनची थेट गाडी आहे. पत्रलेखकांनी बापलेकीची एक सहल काढावी.

काचेवरून आठवलं. ‘चंदनाची घेऊ की पितळेची?’ हेही नेहमी विचारलं जातं. जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये चांदी, तांबं आणि लाकूड यांच्या, आतून सारख्या मापाच्या बासऱ्या पडद्याआडून ऐकवल्या. ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. तेव्हा पैसे टाकायचे ते पदार्थावर नाही, कामावर. धारेवर आणि पोकळीवर.

ते बघायचं कसं? आपल्याकडे भोकं तापलेल्या सळईनं पाडतात. पिलिभीतच्या कारखान्यांत आसामचा बांबू येतो आणि अशाच सळयांनी बासरी होतो. सळईनं जळालेली काजळी धारेवर राहिली की धार खरबरीत होते आणि सूर सुसकारतो. नखानं हलकेच चाचपा. धार स्वच्छ हवी, पात्यासारखी नको. पोकळी उजेडाकडे धरून बघा, गोल आहे की चपटी. मग वाजवा : मंद्र प, मध्य प, आणि सा व तार सा. सप्तकं एकमेकांशी जुळत नसतील तर बंद टोकातलं बूच किंवा पोकळी चुकली आहे. दुकानात वरचे सूर वाजवून भुलू नका. खालचा प हळू फुंकेनं धरून बघा. खोटी बासरी तिथेच पकडली जाते.

एक आगाऊ सल्ला : पहिल्या वर्षी पांढरी तीन कशाला? पन्नालाल घोषांनी सुमारे ३२ इंची बासरीला मैफलीत बसवलं तेव्हापासून सगळ्यांना मोठीच हवी असते. पांढरी पाच साधारण २४-२५ इंचांची असते, भोकं जवळ, बोटं नीट बसतात, श्वास पुरतो. ओठ तयार झाले की मोठीकडे जावं.

तेव्हा पाकिटाआधी सेलोटेप काढा. मींड पुढच्या आठवड्यात, तोवर बूच सरकवण्याबद्दल कोणी विचारलं नाही तर.