'एक्झॉस्टेड' म्हणजे नुसतं दमलेलं नाही

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, की मी विषयाचा 'एक्झॉस्टिंग' आढावा घेतलाय. गाइडनी त्या शब्दाखाली रेघ मारून बाजूला लिहिलं: "ते खरं असेल, पण इथे 'एक्झॉस्टिव्ह' हवं."

'एक्झॉस्टिंग' म्हणजे दमवणारं, 'एक्झॉस्टिव्ह' म्हणजे काहीही न सोडणारं. दोन्हींचं मूळ एकच, लॅटिनमधलं. त्याचा अर्थ पाणी काढून घेणं. आपण विहीर उपसतो ना, अगदी तेच. दमवणारं काम अंगातली ताकद उपसतं, 'एक्झॉस्टिव्ह' आढावा विषय तळापर्यंत उपसतो, आणि जे उपसून रिकामं झालं ते 'एक्झॉस्टेड'. म्हणून खाण किंवा निधीसुद्धा 'एक्झॉस्टेड' होतो. त्यांना 'टायर्ड' म्हणता येत नाही.

वापरातला फरकही यातूनच कळतो. दमण्याला कमी-जास्त असतं, म्हणून 'व्हेरी टायर्ड' चालतं. रिकामं ते रिकामंच. म्हणून 'व्हेरी एक्झॉस्टेड'पेक्षा 'कम्प्लीटली एक्झॉस्टेड' जास्त बरोबर वाटतं.

पेपर वाचताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. रोगप्रतिकारशास्त्रात 'एक्झॉस्टेड टी-पेशी' भेटतात. त्यांना 'थकलेल्या पेशी' समजलात, तर विश्रांती मिळाली की त्या पूर्ववत होतील असं वाटेल. तसं होत नाही. दीर्घकालीन संसर्गात किंवा कर्करोगात या पेशींसमोर प्रतिजन सतत राहतो. त्यांच्यावर पीडी-१ सारखे रोखणारे ग्राही वाढतात आणि मारक क्षमता घटत जाते. जनुकांच्या नियंत्रणातच बदल झालेले असतात, त्यामुळे प्रतिजन हटल्यावरही त्या पूर्णपणे मूळ पदावर येत नाहीत. पीडी-१ ला अडवणारी प्रतिपिंडं यातल्या काही पेशींना पुन्हा कामाला लावू शकतात. पीडी-१ शोधणारे तासुकू होंजो आणि याच प्रकारच्या दुसऱ्या रेणूवर काम करणारे जेम्स ॲलिसन यांना 2018 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता स्वतःबद्दल. रविवारी झोप काढून सोमवारी बरं वाटलं, तर तुम्ही 'टायर्ड' होतात. पण आठवडाभर सुट्टी घेऊनही लॅबचं दार नकोसं वाटत असेल, तर गाइडना मेल करताना 'अ बिट टायर्ड' लिहून वेळ मारून नेऊ नका. बरोबर शब्द वापरा, आणि वेळेत वापरा.