पांदणीवरचे ठसे

दिवाळी सरली की हदगावच्या शिवारात सकाळचा गारवा उतरतो. सोयाबीन निघालेले असते, कापूस फुटत असतो आणि पांदणीतला चिखल अर्धवट वाळलेला असतो. रात्री तेथून कोण गेले, याची नोंद त्या काळ्या मातीवर राहते.

माझे एक रुग्ण, ७२ वर्षांचे निवृत्त शिक्षक, पत्नीच्या निधनानंतर घराबाहेर पडेनासे झाले होते. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. “गुरुजी, रोज अर्धा तास चाला,” असे मी तीनदा लिहून दिले. उपयोग झाला नाही. अखेर नातवाने त्यांना पांदणीकडेचा रोह्याच्या लेंड्यांचा ढीग दाखवला. रोही पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो, हे गुरुजींना ठाऊक होते. ढीग वाढला का, हे पाहण्यासाठी ते दुसऱ्या दिवशी आपणहून निघाले.

कयाधू आणि पैनगंगेच्या या खोऱ्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. बांधालगतची माती नांगरल्यासारखी उकरलेली असेल, तर ते रानडुकराच्या मुस्कटाचे काम. काळा-पांढरा पट्टेदार काटा सापडला, तर तेथून साळिंदर गेले. बिया भरलेली विष्ठा दगडावर दिसली, तर ती बहुधा उदमांजराची. पंज्यांत चार बोटे आणि पुढे नखांच्या खुणा असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा लांडगा. चार बोटे असून नखे उमटली नसतील तर मांजरकुळातील प्राणी. पाच बोटे आणि पुढच्या पायाची लांब नखे दिसली, तर चांदी अस्वलाची शक्यता धरावी. नावात अस्वल असले तरी हा बिज्जूच्या जातीचा निशाचर प्राणी. पाठ रुपेरी, पोट काळे, मधाचा शौकीन. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याला संरक्षण दिले आहे. ठसा मोठा, ताजा आणि नखांविना असेल, तर पुढे न जाता परत फिरावे.

महिनाभराने गुरुजी असाच एक ठसा पाहण्यासाठी वाकले, झटकन उठले आणि चक्कर येऊन पडले. हाड मोडले नाही. पण सूनबाईंनी चालणे बंद केले. त्यांची काळजी रास्त होती. मी गुरुजींचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर मोजला. उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर तो दोष मानला जातो. त्यांचा त्याहून अधिक उतरला. दोष चालण्याचा नव्हता. औषधांची मात्रा आणि वेळ बदलली आणि आठवड्याभराने चालणे पुन्हा सुरू केले.

ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी एवढे पाळावे. उजाडल्यावरच, सोबतीने आणि काठी घेऊन निघावे. ठसा काठीने दाखवावा, वाकू नये. काही शेतांत रानडुकरांसाठी तारांत वीजप्रवाह सोडतात. कोणत्याही तारेला हात लावू नये. पायांत बंद बूट असावेत आणि घरी आल्यावर मधुमेहींनी तळवे तपासावेत. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये, खिशात साखर ठेवावी. छातीत दाटले, दम लागला तर तेथेच थांबावे. बिळात हात घालू नये.

साप चावल्यास आवळपट्टी बांधू नये, जखम चिरू नये. अवयव न हलवता १०८ला कळवून शासकीय रुग्णालय गाठावे. कुत्रा, कोल्हा किंवा अन्य प्राणी चावला वा ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. हळद-चुना लावण्यात वेळ घालवू नये.

परवा गुरुजी तपासणीला आले. साखर पूर्वीपेक्षा बरी होती. खिशातून साळिंदराचा एक काटा काढून त्यांनी माझ्या मेजावर ठेवला आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आता सूनबाईही येते सोबत. तिला माझ्यापेक्षा आधी ठसे दिसतात.”